खडस माशाची शिफारस

लई जुनी गोष्ट आहे. तेव्हा बांबू बोलायचे आणि माणसं ऐकूनही घ्यायची.

गिरजा भोईण नदीकाठच्या बांबूच्या बेटात शिरली. तिला गळासाठी नवी काठी हवी होती, दोन्ही हातांनी धरायची, पण हलकी. जुनी काठी इतकी जड होती की दुपारपर्यंत खांदे भरून यायचे आणि लागलेला मासाही सुटायचा. तीन दिवस घरात नुसती पेज शिजत होती.

जाड बांबू म्हणाला, "बाई, मला घे. डोहातला खडस मासा रोज म्हणतो, पाटील, गळाची काठी व्हावं तर तुम्हीच."

"आणि तुला रे काय म्हणतो?" गिरजानं शेजारच्या बारीक बांबूला विचारलं.

"मला शिव्या देतो, मावशी. म्हणतो, तू कसल्या कामाचा? भोईण आली की पानांमागं लप."

गिरजानं त्याला वाकवून सोडलं. तो सपकन सरळ झाला. तिनं कोयता काढला.

डोहातून खडस ओरडला, "अगं, चुकतेस! तो मोडेल!"

"मोडू दे. तुझं काय जातंय?"

मासा बुडी मारून तळाशी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजा खडस माशाला टोपलीत घालून बेटावरून गेली. जाड बांबू शेजाऱ्यांना सांगत होता, "या बाईला पारख नाही. पारख होती ती त्या माशाला."