टुणकी आणि काळा दिवा

काल झोप लागली नाही. खालच्या पार्किंगमध्ये एका नव्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर मालकांनी हौसेनं काळी फिल्म चिकटवलीय. घरच्या घरी, केस वाळवायच्या ड्रायरनं. छान दिसते म्हणे. गाडी मागे येताना दिवा दिसत नाही, आणि आमची मनवा तिथेच चेंडू खेळते. तीन वर्षांच्या माणसाला हे समजवायचं कसं? ओरडले तर ती हसते. म्हणून गोष्ट. जरा वाईट आहे. लहान मुलांना सांगावी की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगितली.

एक होती टुणकी. एवढीशी बेडकी. तिला एक दादा, एक ताई.

तिघं रोज संध्याकाळी फाटकात जायची. किडे खायची. मट्ट! मट्ट!

मग काकाची गाडी मागे मागे यायची. दिवा लाल व्हायचा. लाल दिसलं की तिघं बाजूला. टुणुक टुणुक!

एक दिवस काकानं दिव्याला काळी फिल्म लावली.

गाडी मागे आली. दिवा दिसला नाही.

चप्प.

दादा गेला.

दुसरा दिवस. संध्याकाळ झाली. ताई फाटकात जाऊन बसली.

टुणकी म्हणाली, “ताई, ऊठ ना गं!”

ताई म्हणाली, “दादा येईल. मी इथेच बसणार.”

गाडी बाहेर उभी. काका पायरीवर चहा पीत होता. चहा संपला की गाडी आत.

टुणकी निघाली. टुणुक टुणुक. दिव्याकडे गेली.

“दिवेदादा, दिवेदादा, ताई वाटेत बसलीय. तू लाल हो ना रे!”

दिवा म्हणाला, “मी नाही होणार. माझ्यावर फिल्म. फिल्म निघेल, तर मी लाल होईन.”

टुणुक टुणुक. फिल्मकडे गेली.

“फिल्मबाई, फिल्मबाई, दिवा लाल होत नाही. ताई वाटेत बसलीय. तू निघ ना गं!”

फिल्म म्हणाली, “मी नाही निघणार. घट्ट चिकटलेय. ड्रायर फुंकेल, तर मी निघेन.”

काकानं घोट घेतला. सुर्रर्र.

टुणुक टुणुक. ड्रायरकडे गेली.

“ड्रायरदादा, ड्रायरदादा, फिल्म निघत नाही. दिवा लाल होत नाही. ताई वाटेत बसलीय. तू फुंक ना रे!”

ड्रायर म्हणाला, “मी नाही फुंकणार. मला हात कुठेत? काका धरेल, तर मी फुंकेन.”

टुणुक टुणुक. काकाकडे गेली.

“काका, काका, ड्रायर फुंकत नाही. फिल्म निघत नाही. दिवा लाल होत नाही. ताई वाटेत बसलीय. ड्रायर धरा ना हो!”

काका म्हणाला, “हट्! गाडी बघ कशी दिसते! आणि ती नुसती फिल्म नाही, तीट आहे. नव्या गाडीला दृष्ट लागेल. मी नाही काढणार. काकू सांगेल, तर काढीन.”

सुर्रर्र. कपात थोडाच चहा उरला.

टुणुक टुणुक. काकूकडे गेली.

“काकू, काकू, काका ऐकत नाही. ड्रायर फुंकत नाही. फिल्म निघत नाही. दिवा लाल होत नाही. ताई वाटेत बसलीय. तुम्ही सांगा ना!”

काकू बाळाला तीट लावत होती. बाळ रडत होतं. ट्याँऽऽ!

काकू म्हणाली, “मी नाही उठणार. दिसत नाही, बाळ रडतंय? बाळ गप्प बसेल, तर मी उठेन.”

टुणुक टुणुक. बाळाकडे गेली.

“बाळा, बाळा, काकू उठत नाही. काका ऐकत नाही. ड्रायर फुंकत नाही. फिल्म निघत नाही. दिवा लाल होत नाही. ताई वाटेत बसलीय. तू गप्प बस ना!”

बाळानं बघितलं. एवढीशी बेडकी! ओले डोळे. लुकलुक, लुकलुक.

बाळ गप्प बसलं.

काकू उठली. बाळाला कडेवर घेऊन पायरीवर आली. बाळाच्या गालावर काळी तीट.

“अहो! तीट गालाला लावतात. डोळ्याला कुणी लावतं का? आंधळी केलीत गाडी!”

काकानं बाळाचा गाल बघितला. मग गाडी बघितली. कप खाली ठेवला.

काकानं ऐकलं.

ड्रायर फुंकला. घूंऽऽऽ!

फिल्म निघाली. चर्रर्र!

काका गाडीत बसला. गाडी मागे आली. मागे, मागे...

दिवा लाल झाला. फाटक लाल, भिंत लाल, ताईसुद्धा लाल.

ताई दचकली. ताई उठली.

टुणुक!

गाडी आत गेली. ताई बाजूला बसली. टुणकी तिला चिकटून बसली. दादा आला नाही. दोघींनी अंधार पडेपर्यंत वाट बघितली. मग घरी गेल्या. हळू. टुणुक. टुणुक.

बेडकी गेली घरी, दिवा राहिला दारी.

मी घाबरले, आता मनवा रडणार. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “काकू कालच का नाही बोलली? दादा होता तेव्हा?”