द्वारकीची काळी-पांढरी विहीण

एक होता राजा. पण त्याला तयार व्हायला फार वेळ लागायचा, म्हणून तो येईल सावकाश. आधी द्वारकीचं ऐका.

ही द्वारकी त्या राजाच्याच राज्यात, अगदी समुद्राच्या काठी राहायची. म्हातारी, एकटी, आणि आवाज? अगं बाई! तिनं आपल्या मांजराला हाक मारली की शेजारच्या गावची मांजरं उठून बसायची. जीभही तशीच तिखट. त्यामुळे काय व्हायचं, काम असलं की सगळ्यांना द्वारकी हवी, आणि काम संपलं की तिच्या ओटीवर टेकायला कुणी येत नसे. मग ती एकटीच भात रांधायची, एकटीच जेवायची आणि चुलीशी भांडायची. चिंगे, हसू नकोस. घरात दुसरं कुणी नसल्यावर माणूस भांडणार कुणाशी?

आता तिचं काम कुठलं? तर त्या गावात रापण ओढायचे. रापण म्हणजे हे एवढं लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात गोल सोडायचं आणि मग सगळ्या गावानं किनाऱ्यावरून त्याच्या दोऱ्या ओढायच्या. सगळ्यांनी एका दमात ओढलं पाहिजे ना? म्हणून द्वारकी वाळूत उभी राहून हाकारा द्यायची, "ओढा रे ओढा! हय्या हो!" आणि रापणीचे नियम दोनच, बरं का. जो दोरी ओढील त्याला माशांचा वाटा. आणि जो दोरीला हात लावील, मग तो कुणी का असेना, त्यानं हाकारा देणारीचं ऐकायचं. राजाच्या पणजोबांनीच तसा शब्द दिला होता. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकदा काय झालं, जाळं अडकलं खडकात. ओढून ओढून सगळे घामाघूम. तेवढ्यात पाण्यातून एक मोठ्ठं डोकं वर आलं. काळंभोर, हनुवटीला पांढरं, डोळ्यामागे पांढरा पट्टा. तुमच्या पुस्तकात अशा देवमाशाला ओर्का म्हणतात. ही त्यातली मादी. तिनं दोरी तोंडात धरली, आणि द्वारकीनं "हय्या हो!" म्हटल्याबरोबर असा हिसडा दिला, असा हिसडा दिला, की जाळं सुटलं आणि सगळा गाव वाळूत उताणा!

मग काय, जो तो पळाला माडांच्या मागे. द्वारकी तेवढी उभी.

"पळता काय मेल्यांनो!" ती ओरडली. "तिनं दोरी ओढली. तिचा वाटा काढा!"

गावचा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, माडाआडून म्हणाला, "अगो द्वारके, पण तिला हात कुठे आहेत?"

"तुला दोन आहेत, तू काय दिवे लावलेस? आण ती सुरमई इकडे!"

द्वारकीनं सुरमई फेकली. ओर्कानं ती झेलली आणि शेजारच्या पिल्लाला, आपल्या नातवाला, दिली. मग पुन्हा डोकं वर काढून बसली. हलेचना! नातवाचं झालं, माझं कुठाय? द्वारकी खो खो हसली. म्हणाली, "ही तर अस्सल विहीण! मानपान झाल्याशिवाय मांडवातून हलायची नाही." झालं, त्या दिवसापासून तिचं नाव पडलं विहीणबाई. वाटा लहान दिला तर ती रुसायची आणि शेपटीनं तांडेलाला नखशिखान्त भिजवायची.

मग रोज काय व्हायचं, काम संपलं की द्वारकी खडकावर पाण्यात पाय सोडून बसायची आणि विहीणबाई यायची. द्वारकी गुडघ्याचं दुखणं सांगायची, शेजारणीच्या कागाळ्या सांगायची. विहीणबाई शिट्ट्या मारून उत्तरं द्यायची. तिचं खटलं मोठं होतं, लेकी, लेक, नातवंडं. आणि त्यांच्यात सगळं आजीचं चालतं, बरं का. आजी वळली की सगळे वळतात. शहाणी जात आहे. एके दिवशी द्वारकी बोलता बोलता रडली. तिच्या नवऱ्याची होडी कधी परत आलीच नव्हती, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, ते हिला सांगितलं. विहीणबाईनं आपली हनुवटी खडकावर टेकली आणि भरती येईपर्यंत ती तशीच राहिली. त्या दिवसापासून द्वारकी चुलीशी भांडेनाशी झाली.

हां, आता राजा तयार झाला.

या राजाला नाही नाही त्या वस्तू जमवायचा नाद. पांढरा मोर, बुटका हत्ती, उलटा चालणारा पोपट. सगळे त्याच्या बागेत कंटाळून बसलेले. त्याला कळली विहीणबाईची गोष्ट. म्हणाला, "मला ती हवी! माझ्या तळ्यात हवी!"

मग आधी आला प्रधान. पालखी घेऊन आला हो! आत ओली गोणपाटं अंथरलेली. पाण्यात उभा राहून म्हणतो कसा, "यावं बाईसाहेब, बसावं." विहीणबाई जवळ आली, डोक्यावरच्या भोकातून फुस्सकन श्वास सोडला, आणि माशांच्या वासाचा तो फवारा प्रधानाच्या दाढीत बसला. प्रधान घरी गेला तर बायकोनं दार उघडलं नाही.

मग आला सेनापती. शंभर शिपाई आणि हत्ती बांधायचा दोर. दोर फेकला विहीणबाईवर. तिनं शिट्टी मारली, सगळं खटलं आलं, आणि त्यांनी दुसऱ्या टोकानं ओढायला सुरुवात केली. शंभर शिपाई बुडुक, बुडुक, बुडुक! दोर समुद्रात गेला तो गेलाच. सेनापतीचा फेटा घालून नातू तीन दिवस मिरवत होता.

मग तिसऱ्या वेळी आला राजा स्वतः. लाल डोळे करून म्हणाला, "म्हातारे, ती तुझ्या हाकेला येते. उद्या सकाळी हाक मार. नाहीतर या गावची रापण कायमची बंद!"

रापण बंद म्हणजे सगळ्या गावाच्या चुली बंद. आणि हाक मारली तर विहीणबाई तळ्यात. एकटी. ना लेक, ना नातू, बोलायला कुणी नाही. एकटं राहणं काय असतं ते द्वारकीइतकं कुणाला ठाऊक होतं? संध्याकाळी ती ओटीवर डोकं धरून बसली. तर काय नवल! तांडेल आला, शेजारीण आली, सगळा गाव आला, आणि ओटीवर बसायला जागा पुरेना. तांडेल म्हणाला, "नको मारू हाक. ती आपल्या रापणीतली आहे. होईल ते होईल."

पण घराघरातली पोरं द्वारकीच्या डोळ्यांपुढे आली. मग तिनं एक युक्ती केली. हाक मारायला सांगितली होती, केवढ्यानं मारायची ते कुठे सांगितलं होतं? सकाळी ती पाण्यापाशी गेली आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजली, "हय्या हो."

पण त्यानं काय होणार? विहीणबाईनं कोसावरून ऐकलं आणि आली. नातवाला घेऊन आली.

सेनापतीचा दोर तर समुद्रात गेलेला, म्हणून शिपायांनी गावचीच रापण टाकली. जाळ्यात विहीणबाई आणि नातू दोघं. हिसडा द्यावा तर नातवाला जाळं आवळतं. म्हणून ती बिचारी हलली नाही, नुसती द्वारकीकडे बघत राहिली.

"सोडा!" द्वारकी ओरडली. "रापणीची दोरी आहे, मी सांगते, सोडा!"

सेनापती म्हणाला, "आम्ही महाराजांच्या हुकमाचे ताबेदार. महाराज सांगतील तेव्हा सोडू."

पण शिपाई मागच्या बुडकीनं धास्तावलेले. ओढल्यासारखं करायचे, एवढंच. राजा भडकला. "बाजूला व्हा, मुडद्यांनो!" म्हणाला, धोतर खोचलं, आणि अंगठ्या घातलेल्या दोन्ही हातांनी दोरी धरली!

सगळा गाव एकदम "अगं आई!" म्हणाला.

द्वारकीनं कमरेवर हात ठेवले. "राजा! दोरीला हात लागला तुझा! आता तू रापणीचा गडी आणि हाकारा माझा. सोड!"

त्या आवाजानं समुद्र दचकला, मग राजाचं काय? त्यानं घाबरून प्रधानाकडे बघितलं. प्रधान दाढी चोळत म्हणाला, "पणजोबांचा शब्द आहे, महाराज." राजानं दोरी सोडली. मग शिपायांनीही सोडली. जाळं सैल पडलं, नातू सुटला, विहीणबाई सुटली, आणि तिनं आनंदानं अशी उडी मारली की राजा मुकुटासकट भिजला.

जाळ्यात थोडे बांगडे राहिले होते. तांडेलानं वाटे घातले. पहिला विहीणबाईचा, आणि शेवटचा, एक बांगडा, राजाच्या हातावर ठेवला.

"हा माझा?" राजा म्हणाला.

"तुझाच," द्वारकी म्हणाली. "दोरी ओढलीस ना?"

आता राजाला आजवर सगळं आयतं मिळालेलं. स्वतः खपून मिळवलेलं काहीच नव्हतं. तो त्या बांगड्याकडे बघत बसला, आणि काय सांगू, त्याचे डोळेच भरून आले. द्वारकीनं तो निखाऱ्यावर भाजून दिला. राजानं काटेसुद्धा चोखले. मग म्हणाला, "द्वारकीमावशी, उद्या येऊ का ओढायला?"

"ये. पण वेळेवर. आणि अंगठ्या घरी ठेव."

राजानं मोर, हत्ती, पोपट, सगळ्यांना सोडून दिलं आणि तो रोज येऊ लागला. द्वारकीच्या ओटीवर रोज माणसं बसू लागली, आणि ती रोज कुणाशी तरी खुशाल भांडू लागली. संध्याकाळी मात्र ती खडकावरच असायची, विहीणबाईपाशी.

संपली. राजा झोपला, द्वारकी झोपली. विहीणबाई एक डोळा उघडा ठेवून झोपते, नातवंडांवर लक्ष असतं तिचं. तुमच्यावर लक्ष ठेवायला मी आहे. तेव्हा चिंगे, तू दोन्ही मीट.