तिसरा कुकारा

"रेंज कुठे येते, बाबा?"

निहारने फोन डोक्यावर उंच धरला होता. खिंडीतून ढग वाहत होते. हात दिसत होता, हातातला फोन दिसत होता. त्यापलीकडे डोंगर नव्हताच.

लहानूबाबा देवळाच्या पायरीवर बसले होते. या खिंडीत ते कित्येक वर्षं राहत होते. लोक त्यांना वाट विचारत. काही जण डोंगराची, काही जण दुसरीच.

"कुणाशी बोलायचंय?"

"आईशी. दर तासाला फोन करायचं कबूल केलंय. दोन तास होऊन गेले."

"नाही केलास तर?"

"जीव जाईल तिचा." निहारने कड्याकडे वळून पाहिलं. "तीन वर्षांपूर्वी माझा भाऊ इथून पडला. सारंग. ती फोन लावत राहिली, आणि कड्याखाली तो वाजत राहिला..."

"आठवतंय. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली होती वर."

"म्हणून मी पुरी तयारी करून आलोय. दोन सिम, जादा बॅटरी, नकाशा. मी सारंगसारखा बेसावध नाही."

"हुशार आहेस," बाबा म्हणाले. "खालच्या वाडीत नाव लिहून आलास?"

"हो. पहिल्या घरी, हौसाबाईंकडे. आईचा नंबरही दिलाय."

"मग कुकारा दे. डोंगरावर जितकी माणसं, तितके कुकारे. हौसा मोजते, तितकेच परत देते. मग अंगणातून लावते फोन."

"एवढ्या लांब ऐकू जाईल? या ढगातून?"

"ढगात डोळे अडखळतात. आवाज नाही."

निहार कड्याशी गेला. "हौसाबाई! मी निहार! मी अगदी ठीक..."

बाबांनी त्याच्या छातीवर तळवा ठेवला.

"भाषण नको रे. नुसता गळा दे."

निहार ओशाळला. मग त्याने डोळे मिटले.

"कूऽऽऽ..."

ढगाने तो आवाज गिळला. कुठेतरी पानांवरून पाणी ठिबकत होतं...

आणि मग त्या पांढऱ्या पोकळीच्या तळातून, बारीक, बिनघाईचा, "कूऽऽऽ..."

निहारचा फोन धरलेला हात हळूच खाली आला.

बाबांनी आपला कुकारा दिला. तोही परत आला.

"चला, दोन झाले," निहार म्हणाला आणि त्याने पाठीवर पिशवी चढवली. "आता कळेल आईला."

पण बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी तोंडाशी ओंजळ धरली आणि आणखी एक कुकारा दिला. हा लांब होता, मऊ होता. झोपलेल्या माणसाला दचकू न देता उठवावं, तसा.

"अहो बाबा, आपण दोघंच आहोत. त्या मोजायला चुकतील!"

"नाही चुकायची. तीन वर्षं रोज ऐकतेय."

खालून काहीच आलं नाही... ढग सरकत राहिले...

मग आलं. तिसरं उत्तर.

निहारने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. "सारंगचा?"

"सारंग गेला की उतरून. कधीच."

"मग कुणाचा?"

"तुझ्या आईचा."

"आई? ती घरी आहे, बाबा! साताऱ्याला!"

लहानूबाबा कड्याच्या टोकाकडे पाहत होते. तिथे ढगाशिवाय काही नव्हतं.

"त्या दिवशी चढताना पाहिली होती मी तिला," ते म्हणाले. "उतरताना अजून पाहायचीय."