सुकेतू राजाचं उतारावरचं घर

एका राज्यात सपाट जमीन फार थोडी होती. जी होती ती भाताची, आणि भाताच्या जमिनीवर घर बांधू नये असा तिथला नेम होता. म्हणून साऱ्या प्रजेची घरं डोंगरांच्या अंगाखांद्यावर. त्या राज्यात सुकेतू नावाचा राजा होता. राजा न्यायी होता, प्रजा सुखात होती. घर मात्र एकट्या राजालाच नव्हतं.

त्याचं कारण त्याच्या पित्याच्या काळात घडलं. वज्रबाहू राजाला ताटासारख्या सपाट जागेवर महाल हवा होता. त्याने हजार पाथरवट लावून निळ्या डोंगराचा माथा तासला आणि दगडमाती उतारावरून खाली लोटून दिली. त्या उतारावर धूम्रकेश नावाचा मांत्रिक राहत असे. त्याचा एक झरा होता, झऱ्याकाठी आवळ्याची बाग होती. दोन्ही एका सकाळी बुजून गेले.

धूम्रकेश दरबारात आला. तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "राजा, तू उतार मोडलास. आता तुझ्या घराण्यातली दोन माणसं एका छपराखाली राहिली, तर तिसऱ्या दिवशी ते छप्पर कोसळेल. याच उतारावर, उतार न मोडता घर उभं राहील आणि तुझं सारं घराणं त्यात आठ दिवस नांदेल, तेव्हाच हा शाप सुटेल."

तरी महाल बांधून झाला, सारे त्यात राहायला गेले, आणि तिसऱ्या दिवशी तो कोसळला. वज्रबाहू त्या धक्क्यातून सावरला नाही. राज्य सुकेतूकडे आलं, आणि राज्याबरोबर शापही आला.

तेव्हापासून राजमाता यशोमती नदीकाठच्या एका खोपटात राहू लागली, राजा डोंगराच्या कमरेवर दुसऱ्या खोपटात. राणी चित्रांगीला मुलं झाली, तेव्हा तान्ह्या बाळांना सोडून कशी राहणार? ती दर दोन दिवसांनी बाळ उचलून नव्या खोपटात जाई. तिच्या मागे पडकी खोपटं वाढत गेली. मंजुघोषा आणि उदयन ही दोन्ही मुलं सात वर्षांची झाली तशी एकेका खोपटात, दाईसोबत राहू लागली. सारे भेटत ते उघड्यावर, एका वडाखाली. एकत्र जेवत, हसत. आणि पावसाची सर आली की पाच दिशांना पांगत.

अशी बारा वर्षं गेली. मग राजमातेला दम लागू लागला. वैद्य म्हणाले, म्हातारीला औषधापेक्षा माणसं हवीत. राजाने दवंडी पिटली, की या उतारावर जो घर बांधील, त्याला मागेल ते मिळेल.

नामांकित स्थपती आले. एकाने उंच खांबांवर घर चढवलं, ते गडगडलं. दुसऱ्याने डोंगरात खोबण कापली, तिच्यात रातोरात माती भरून आली. तिसऱ्याने चार हात जाडीच्या भिंती घातल्या. त्या भिंती ओल्या गुळासारख्या विरघळल्या. शेवटी गौतमी आली. ती कोणी नामांकित नव्हती. डोंगरउतारावर भाताची खाचरं पाडणाऱ्या, त्यांना दगडी बांध घालणाऱ्या घराण्यातली ती मुलगी. तिचे हात दगडांनी घासून खरखरीत झाले होते.

तिने जागा पाहिली, माती चिमटीत धरून वास घेतला आणि राजाला म्हणाली, "महाराज, बांधण्याआधी मला धूम्रकेशाला भेटावं लागेल. जागा त्याची आहे."

हे आजवर कोणाला सुचलं नव्हतं. राजाने मान डोलावली.

धूम्रकेश बुजलेल्या झऱ्याच्या जागीच बसून होता. बारा वर्षांत त्याच्या जटांना शेवाळ आलं होतं. गौतमीने त्याला नमस्कार केला आणि काय हवं ते विचारलं.

"तीन कामं आहेत," तो म्हणाला. "माझा झरा मोकळा कर. दरीत लोटलेले दगड परत आण आणि त्यांनीच घर बांध. आणि घर असं हवं, की त्यात कोणी कोणाच्या डोक्यावर नाही, आणि कोणी कोणापासून तुटलेलं नाही."

जुन्या जागी खणून पाणी लागेना, म्हणून गौतमी झऱ्याचा उगम शोधत आठ दिवस डोंगर फिरली. पाणी सापडेना. नवव्या दिवशी तिला एका बेहड्याच्या झाडाखाली एक धनेश पक्षी दिसला. त्याचा पंख दुखावला होता. वर, झाडाच्या ढोलीत, त्याची मादी अंडी घेऊन बसली होती. धनेशांच्या रीतीप्रमाणे तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं, चोच मावेल एवढीच फट ठेवून. आता तिला भरवणार कोण?

"बाई, उंबरं आणून देशील?" धनेशाने विचारलं. "माझ्यासाठी नको. तिच्यासाठी."

गौतमीने पंधरा दिवस त्या फटीतून उंबरं भरवली. धनेशाचा पंख बरा झाला, तेव्हा तो उडून वर गेला, एक फेरी मारून आला आणि म्हणाला, की भर उन्हाळ्यातही डोंगरावर गवताचा एक पट्टा हिरवा राहतो. खालून दिसत नाही, वरून दिसतो. तिथे खण.

तिने खणलं. दोन पुरुष खोलीवर पाणी हसत वर आलं आणि उड्या मारत खाली निघालं, ते नेमकं घराच्या जागेच्या मधून. बरोबरच्या गवंड्यांनी डोक्याला हात लावला. त्यांनी पाणी बाजूने वळवायचं सुचवलं. गौतमी नको म्हणाली. पाणी आधीचं आहे, घर नंतरचं, असं तिने त्यांना सांगितलं.

दुसरं काम दगडांचं. दरीत सातशे दगड पडले होते आणि त्यांतला एकही कोणाला हलत नव्हता. बैल लावले, दोर तुटले. हत्ती लावला, तो खाली बसला. गौतमीने एका दगडावर हात ठेवला आणि तिच्या ध्यानात आलं, की हा रुसलेला आहे. ती राजाकडे गेली.

"महाराज, हे माझ्याने होणार नाही. यांना ज्याने लोटलं त्याच्या रक्ताचं माणूस हवं."

राजा दरीत उतरला. पहिल्या दगडापुढे गुडघे टेकून तो म्हणाला, "मी वज्रबाहूचा मुलगा. माझ्या वडिलांनी तुला घरातून काढलं. क्षमा कर आणि परत चल." दगड परडीसारखा हलका झाला. राजाने तो खांद्यावर घेतला आणि चढ चढू लागला.

सातशे दगड, आणि प्रत्येकाला वेगळी क्षमा मागायची. पहिल्या दिवशी राजाने नऊ आणले. दुसऱ्या दिवशी मंजुघोषा येऊन उभी राहिली. तीही त्याच रक्ताची. मग उदयन आला. तो लहान दगडांशी बोलत असे, आणि क्षमेबरोबर त्यांना आपल्या मांजरीची हकीकतही सांगत असे. राणी दुपारी भाकरी घेऊन येई. पालखीत बसून राजमाता खाली येई आणि दगड मोजायला मदत करतेय असं म्हणून मुलांकडे बघत बसे. सत्तर दिवस ते सारे उघड्या आभाळाखाली एकत्र राबले. राजाचे खांदे सोलवटले. इतका आनंदी राजा मंत्र्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

राहिलं तिसरं काम, आणि गौतमी तिथे अडली. चढावर मजल्यांवर मजले येणारच. मग वरचा खालच्याच्या डोक्यावर येणारच. खोल्या दूर दूर पांगल्या, तर माणसं तुटणार. तिने चिखलाचा नमुना केला, मोडला. दुसरा केला, तोही मोडला.

मग तिने नमुना बाजूला ठेवला आणि घरातल्या एकेकाला जाऊन विचारलं. मंजुघोषेला वाऱ्याची खोली हवी होती. उदयनला धावायला जागा. राणी म्हणाली, "मला एकच खोली हवी. जिथून पुन्हा सामान उचलावं लागणार नाही."

राजमातेने गौतमीला जवळ बसवून घेतलं. "पोरी, मला पायऱ्या चढवत नाहीत. पण मला कोपऱ्यात ठेवू नकोस. जो जाईल-येईल, तो माझ्या दारावरून जायला हवा."

राजाने आपल्यासाठी काही मागितलं नाही. त्याने फक्त विचारलं, की डोंगराचा सगळा भार कुठे येतो. सर्वांत खालच्या बांधावर, असं गौतमीने सांगितलं.

"मग माझं दालन तिथे," राजा म्हणाला.

मंत्री कुरकुरले. राजा सर्वांच्या खाली राहणार, हे कोणत्या शास्त्रात बसतं? राजाने त्यांना सांगितलं, की बारा वर्षं खोपटात राहिलो तेव्हा शास्त्र आडवं आलं नाही, आताही येणार नाही.

त्या दिवशी गौतमीच्या हातून तिसरा नमुना झाला, आणि तो तिने मोडला नाही. खाचरांसारखे पाच टप्पे. एकेका टप्प्याला दगडी बांध, आणि प्रत्येक दालनाचं जोतं थेट डोंगराच्या जमिनीवर. एकाच्या छपरावर दुसऱ्याची भिंत कुठेच नाही. खाली राजाचं दालन, त्याच्या वर राणीचं. बरोबर मधल्या टप्प्यावर स्वयंपाकघर आणि त्याला लागून राजमाता. वर उदयन आणि त्याचं लांबलचक अंगण, सर्वांत वर वाऱ्यात मंजुघोषा. पाचही टप्प्यांना जोडणारी एकच वाट, पायऱ्यांची नव्हे, तर सापासारखी वळत जाणारी सौम्य चढण; पालखी जाईल अशी, म्हातारं माणूस काठीने जाईल अशी. ती मधल्या वळणावर राजमातेच्या दाराला शिवून जाई. आणि वाटेच्या कडेने, घराच्या मधोमध, झरा. बांधांना तिने जागोजागी भोकं ठेवली, म्हणजे पावसाचं पाणी अडून भिंतीला रेटणार नाही.

घर उभं राहायला दोन वर्षं लागली. छपरं चढली त्या सकाळी पाचही जणं आपापल्या खोपटांतून निघून आत गेली, आणि सारी प्रजा समोरच्या डोंगरावर जमली.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगर हलला. भांडी वाजली, झऱ्याचं पाणी गढूळ झालं. राणीने सवयीने सामानाला हात घातला आणि दाराबाहेर पडली. वाटेवर तिला राजा भेटला. तो वर येत होता. दोघं धावत राजमातेच्या दाराशी गेली. मुलंही वरून तिथेच आली होती. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. म्हातारी पलंगावर उठून बसली होती.

"बसा," ती म्हणाली. "कोसळायचं तर सगळे इथेच आहोत."

ते बसले. राणीने गाठोडं खाली ठेवलं. बांधांतला एकेक दगड शेजारच्या दगडाला घट्ट बिलगला. तो कर्र आवाज समोरच्या डोंगरावर ऐकू गेला. मग सारं थांबलं. एक कौलही पडलं नव्हतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी धूम्रकेश आला. त्याने ओंजळभर झऱ्याचं पाणी पिऊन पाहिलं, प्रत्येक भिंतीवर हात फिरवला. राजा त्याच्या पाया पडला. मांत्रिक म्हणाला, "सुटलास." मग त्याने विचारलं, की झऱ्याच्या काठी आवळ्याची रोपं लावली तर कोणाची हरकत नाही ना. राजमातेनेच उत्तर दिलं, की रोज पाणी घालायला येणार असाल तर हरकत नाही.

राजाने गौतमीला काय हवं ते मागायला सांगितलं. राज्यातल्या प्रत्येक उतारावर घर बांधणाऱ्याला ही रीत शिकवण्याची मुभा तिने मागितली. ती मिळाली, आणि पुढे त्या राज्यात दरड कोसळून घर गेल्याचं कोणी ऐकलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मंत्री आणि फिर्यादी दरबारासाठी खालच्या दाराशी येऊन थांबले. ऊन चढलं. दार उघडेना. प्रधान घाबरला, त्याने गौतमीला गाठलं. ती हळूच आत गेली आणि वळणावळणाने वरपर्यंत जाऊन आली.

"काय झालं?" प्रधानाने विचारलं.

"काही नाही," गौतमी म्हणाली. "पाचही जण झोपलेत. गाढ. चौदा वर्षांची झोप आहे, प्रधानजी. आज दरबार उद्यावर टाका."

प्रधानाने फिर्याद्यांकडे पाहिलं. फिर्याद्यांनी चपला हातात घेतल्या, आणि सारे जण पाऊल न वाजवता डोंगर उतरू लागले.