ताटाचा फोटो

एकदा एक बडा अधिकारी प्राथमिक शाळेतल्या आपल्या म्हाताऱ्या गुरुजींना भेटायला गावी गेला. लहान मुलांना गणित कसं शिकवावं, याचं सरकारी धोरण त्यानेच लिहिलं होतं आणि सोमवारी त्याच्या सहीने ते राज्यभर लागू व्हायचं होतं. सहीआधी आशीर्वाद घ्यावा, म्हणून तो आला.

धोरण काय ते ऐका, म्हणजे तुमचंही डोकं फिरेल. प्रत्येक शाळेला मण्यांची आणि ठोकळ्यांची एक पेटी. पेटी छानच होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण रोज गणिताच्या तासाला, मुलांच्या हाती मणी असलेला फोटो वर पाठवायचा. नाही पाठवला तर शिक्षकाने लेखी खुलासा द्यायचा. गावात रेंज नाही. मग मास्तरांनी करावं तरी काय? पेटी उघडायची, फोटो काढायचा, मणी हरवू नयेत म्हणून लगेच कुलूप लावायचं आणि मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढायचं. ते खाली येईपर्यंत तास संपलेला! वर्षभर काही तालुक्यांत हा प्रयोग चालला आणि अहवालात तो यशस्वीही ठरला.

अधिकाऱ्याने तो अहवाल कौतुकाने गुरुजींच्या हाती दिला. मुखपृष्ठावर मण्यांची माळ धरून हसणारी एक मुलगी होती. गुरुजी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "लांबून आलायस, आधी जेव."

ताट आलं. गरम भाकरी, पिठलं, कांदा. सकाळपासून उपाशी असलेल्या अधिकाऱ्याने घास उचलला, तोच गुरुजी म्हणाले, "थांब. मोबाईल दे तुझा. घास तोंडाजवळ धर. हास." फोटो निघाला आणि गुरुजींनी ताट उचलून आत नेलं.

"अहो गुरुजी, मी जेवलो कुठे अजून?"

"जेवलास की! हा बघ फोटो."

"थट्टा करताय काय माझी?"

"थट्टा?" गुरुजींचा आवाज चढला. "थट्टा तू मांडलीयस, तीही लेकरांची!" त्यांनी शेजारच्या घराकडे हाक मारली, "तेजल, ये गं जरा."

चौथीतली तेजल आली. मुखपृष्ठावरची मुलगी तीच होती.

"बेटा, बावन्नातून सतरा गेले तर किती उरले?"

तेजल स्वतःचं नाव सांगावं इतक्या सहज म्हणाली, "मला नाही येत. मी ढ आहे."

"अगं, पण मणी होते ना तुझ्या हातात?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सर म्हणाले, हास. मग मणी परत घेतले."

गुरुजी अधिकाऱ्याकडे वळले. "ऐकलंस? तुझ्यापुढचं ताट उचललं, तर तू लगेच भांडलास. हिच्यापुढून काय उचललं गेलं, ते हिला कळतसुद्धा नाही. हिला वाटतं, खोट आपल्यातच आहे. पेटी दिलीस आणि पेटीला लागणारा वेळ काढून घेतलास. कर आता सही!"

गुरुजींनी फळीवरून चिंचोक्यांचा डबा काढला आणि अधिकाऱ्यापुढे आपटला. "तुला मी यावरच शिकवलं होतं. शिकव हिला."

तो जमिनीवर बसला. दहा-दहाचे पाच ढीग केले, दोन चिंचोके सुटे ठेवले. "सतरातले आधी सात दे मला," तो म्हणाला. दोनातून सात कसे द्यायचे? तेजल अडली. दोनदा चुकली, रडवेली झाली. त्याने घाई केली नाही, उत्तरही सांगितलं नाही. पाऊण तास गेला. शेवटी तिने आपणहून एक ढीग मोडला, सात चिंचोके दिले, मग एक अख्खा ढीग त्याच्याकडे सरकवला आणि उरलेले मोजले. "पस्तीस!" ती ओरडली. तिने पुन्हा मोजून पाहिलं. पस्तीसच होते.

गुरुजींनी ताट परत आणून ठेवलं. "आता जेव."

पिठलं गार झालं होतं. अधिकाऱ्याने भाकरी बाजूला सारली, पिशवीतून आदेशाचा मसुदा काढला आणि फोटोचं कलम आडव्या रेघेने खोडलं. त्याच्या जागी लिहिलं : गणिताच्या तासाला शिक्षकाला दुसरं कोणतंही काम सांगू नये.

तेजल तोवर चिंचोक्यांचे नवे ढीग मांडत होती. आपण ढ आहोत, असं ती त्या दिवशी पुन्हा म्हणाली नाही.