मूठभर हळद आणि एक पान

देवडी संस्थानच्या महाराजांनी गादीवर बसताना बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती, की चौकशीशिवाय कुणालाही शिक्षा होणार नाही. पुढे करवाढीविरुद्ध बोलला म्हणून म्हाळसाबाईच्या एकुलत्या मुलाला त्यांनी चौकशीविनाच फाशी सुनावली. म्हातारीने दरबारात येऊन त्या शपथेची आठवण करून दिली.

"अगं म्हातारे, मूठभर हळद आणि एक पान! त्याला कोण भितं?" महाराज हसले. रिवाजाप्रमाणे दरबारही हसला.

म्हाळसाबाई गादीमागच्या भालदाराकडे वळली. "लेका, धन्याचं रक्षण करीन, ही शपथ तू कशावर घेतलीस?"

"बेलभंडाऱ्यावरच की, आजी." तो अजून हसतच होता.

महाराजांचं हसू मावळलं. चौकशी झाली, मुलगा सुटला. महाराज मात्र तेव्हापासून भिंतीला पाठ लावूनच जेवू लागले.