मुंगीताईचा गूळ पाघळला

या, या, जवळ बसा. टप्प म्हटलं की टाळी वाजवायची बरं का!

एक होतं करंजाचं झाड. झाडाला होती ढोली. ढोली म्हणजे झाडाच्या पोटातली खोली. आत गार गार. बाहेर ऊन ऊन.

ढोली होती सगळ्यांची. ज्यानं त्यानं आपापलं सामान तिथे ठेवायचं. आणि ढोलीची राखणदार कोण? एवढीशी मुंगी!

पहिल्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, "मुंगीताई, मुंगीताई, किती ठेवायचं?"

मुंगी म्हणाली, "ठेवा की हवं तेवढं!"

"वा वा! मुंगीताई किती चांगली!" सगळे म्हणाले. मुंगीला कोण आनंद झाला!

मग काय विचारता! खारीनं ठेवल्या शेंगा. मैनेनं ठेवल्या चिंध्या. कावळ्यानं ठेवल्या काड्या. घुशीनं ठेवले कांदे. रोज आणायचं, रोज कोंबायचं. कोंब कोंब कोंबायचं. ढोली भरली गच्च.

आणि मुंगीचं काय होतं आत? एकच गुळाचा खडा. हरभऱ्याएवढा. तो होता बाळासाठी. बाळ झोपलं होतं. उठलं की खाणार होतं.

तेवढ्यात खारीनं आणखी एक शेंग आत ढकलली. सर्रर्र! गुळाचा खडा बाहेर आला. टुण्णकन खाली पडला. तोही भर उन्हात!

मुंगीनं खडा डोक्यावर घेतला. वर चढली. ढोलीत पाहिलं. बोटभर जागा नाही. उन्हात गूळ टिकतो का? छे! पाघळतो. मुंगी घाबरली आणि पळत सुटली.

मुंगी गेली खारीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खारूताई, खारूताई, शेंगा सरकव!
माझ्या गुळाला जागा नाही.
बाळ उठलं तर खाईल काय?"

खार म्हणाली, "मी नाही बाई! शेंगांवर पडल्यात मैनेच्या चिंध्या. मैना चिंध्या सरकवेल, तर मी शेंगा सरकवीन. आणि तूच म्हणालीस ना, ठेवा हवं तेवढं?"

"म्हणाले होते गं," मुंगी म्हणाली.

टप्प! गूळ झाला तुरीएवढा.

मुंगी गेली मैनेकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मैनाबाई, मैनाबाई, चिंध्या सरकव!
खार शेंगा सरकवेना.
माझ्या गुळाला जागा नाही.
बाळ उठलं तर खाईल काय?"

मैना म्हणाली, "मी नाही बाई! चिंध्यांत अडकल्यात कावळ्याच्या काड्या. कावळा काड्या सरकवेल, तर मी चिंध्या सरकवीन. आणि तूच म्हणालीस ना, ठेवा हवं तेवढं?"

"म्हणाले होते गं," मुंगी म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं.

टप्प! गूळ झाला मुगाएवढा.

मुंगी गेली कावळ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कावळेदादा, कावळेदादा, काड्या सरकव!
मैना चिंध्या सरकवेना.
खार शेंगा सरकवेना.
माझ्या गुळाला जागा नाही.
बाळ उठलं तर खाईल काय?"

कावळा म्हणाला, "काव काव! मी नाही जा! काड्यांवर घुशीचे कांदे. घूस कांदे सरकवेल, तर मी काड्या सरकवीन. आणि तूच म्हणालीस ना, ठेवा हवं तेवढं?"

"म्हणाले होते रे दादा," मुंगी म्हणाली. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

टप्प! गूळ झाला बाजरीएवढा.

मुंगी गेली घुशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले, तरी तुरुतुरु.

"घूसमावशी, घूसमावशी, कांदे सरकव!
कावळा काड्या सरकवेना.
मैना चिंध्या सरकवेना.
खार शेंगा सरकवेना.
माझ्या गुळाला जागा नाही.
बाळ उठलं तर खाईल काय?"

घूस कांदा खात होती. कुरुम कुरुम. तिनं मान वर केली.

"सरकवते की. पण किती सरकवू? किती ठेवू? ते कुणी सांगितलंय का मला?"

"नाही," मुंगी म्हणाली.

"सांगायचं कुणी?"

"राखणदारानं."

"मग जा. राखणदार माप सांगेल, तर मी कांदे सरकवीन." घूस पुन्हा खायला लागली. कुरुम कुरुम.

टप्प! गूळ झाला मोहरीएवढा.

आता राखणदाराकडे जायला हवं. पण राखणदार कोण हो? सांगा बरं! अहो, मुंगीच की!

मुंगी निघाली. या वेळी तुरुतुरु नाही. हळू हळू, हळू हळू. ढोलीच्या दाराशी आली. खाली बसली. स्वतःलाच म्हणाली,

"मुंगीताई, मुंगीताई, माप सांग!
घूस कांदे सरकवेना.
कावळा काड्या सरकवेना.
मैना चिंध्या सरकवेना.
खार शेंगा सरकवेना.
माझ्या गुळाला जागा नाही.
बाळ उठलं तर खाईल काय?"

आणि मुंगीच म्हणाली, "मी नाही बाई! माप सांगितलं तर सगळे रागावतील. मुंगीताई चांगली, असं कोण म्हणेल मग?"

टप्प! गूळ झाला खसखशीएवढा.

मुंगीनं गुळाकडे पाहिलं. अगं आई गं! दिसेना सुद्धा नीट.

मुंगी उठली. ढोलीच्या सगळ्यात उंच काठावर चढली. एवढीशी मुंगी, एवढासा आवाज. तरी ओरडली, "ऐका हो, ऐका! सगळ्यांनी ऐका!"

खार आली सुर्रकन. मैना आली भुर्रकन. कावळा आला काव काव. घूस आली तोंड पुसत.

मुंगी म्हणाली, "माझं चुकलं. हवं तेवढं ठेवा, असं मी म्हणायला नको होतं. पहिल्याच दिवशी माप सांगायला हवं होतं. आज सांगते. प्रत्येकाला एक पळसाचं पान. पानावर मावेल तेवढंच ठेवायचं."

"आणि मला जास्त हवं असलं तर?" कावळा म्हणाला.

"आधी मला विचार. जागा असली तर देईन. न विचारता कोंबायचं नाही."

"आणि नवीन कुणी आलं तर?" मैना म्हणाली.

"त्यालाही एक पान. त्यानं मागायच्या आधीच."

खार फुरंगटली. "मुंगीताई आता वाईट झाली," म्हणाली. मुंगीला लागलं ते. फार लागलं. पण ती काठावरून हलली नाही.

"बरं बाई," घूस म्हणाली. "माप सांगितलंस ना? झालं तर मग!"

घुशीनं कांदे सरकवले. खालचे कांदे सडले होते. शी, शी, शी! "अरेरे! एवढे आणले तरी कशाला मी?" घूस म्हणाली.

घुशीनं कांदे सरकवले, मग कावळ्यानं काड्या सरकवल्या. कड कड कड! निम्म्या मोडूनच गेल्या.

कावळ्यानं काड्या सरकवल्या, मग मैनेनं चिंध्या सरकवल्या. फर्र फर्र फर्र! सगळ्या ओल्या, सगळ्या कळकट.

मैनेनं चिंध्या सरकवल्या, मग खारीनं शेंगा सरकवल्या. खड खड खड! शेंगांना आली होती बुरशी. खारीनं एक फोडली, दुसरी फोडली, आणि दोन्ही फेकून दिल्या.

शेंगा सरकल्या, तशी जागा झाली. चांगली ऐसपैस जागा झाली! मुंगीनं पानं अंथरली. घुशीला एक पान. कावळ्याला एक पान. मैनेला एक पान. खारीला एक पान. आणि मुंगीलाही एक पान, अगदी तेवढंच मोठं.

मुंगीनं आपल्या पानावर गूळ ठेवला. पान केवढं मोठं! गूळ केवढासा! खसखशीएवढा.

तेवढ्यात बाळ उठलं. डोळे चोळत आलं. "आई, गूळ!"

"हा घे राजा."

बाळानं गूळ चाटला. एकदाच चाटला.

"गोऽऽड!" बाळ म्हणालं. "आई, अजून?"

मुंगीनं रिकाम्या पानाकडे पाहिलं.

"आई, अजून दे ना!"

"अजून नाही रे सोन्या. एवढाच उरला. आईनं सांगायला उशीर केला."

खार पुढे आली. हळूच म्हणाली, "बाळा, ही शेंग घे. ही चांगली आहे."

बाळानं मान हलवली. "मला गूळ हवा." आणि रडायला लागलं. खारीला वाईट वाटलं. मैनेला वाईट वाटलं. कावळ्याला वाईट वाटलं. घुशीलाही वाईट वाटलं. आणि मुंगीला सगळ्यांहून जास्त.

मुंगीनं बाळाला पोटाशी घेतलं. डोळे पुसले. गार गार ढोलीत, मोठ्या मोठ्या पानावर बसवलं.

"हे पान कुणाचं, आई?"

"आपलं."

"सगळं?"

"सगळं. उद्या गूळ आणू, इथेच ठेवू. कुणी ढकलणार नाही."

बाळानं पानावर हात फिरवला. "मग कालच का नाही घातलंस हे पान?"

"चुकलं रे बाळा," मुंगी म्हणाली. "आईचं चुकलं."

मग बाळ पानावर आडवं झालं. या टोकाला लोळलं, त्या टोकाला लोळलं, आणि तिथेच झोपी गेलं.

ढोली झाली मोकळी,
गोष्ट झाली सगळी.